वजन न देता टेकवलेला पाय

"कंबर दुखते असं सांगू नका. कंबर केवढी मोठी असते! एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं दुखतं?"

डॉक्टर असं म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. धाकट्याच्या बाळंतपणापासून मी हे दुखणं अंगावर वागवत होते. धाकटा आता कॉलेजात जायला लागला होता. इतक्या वर्षांत ज्या ज्या डॉक्टरांकडं गेले, त्यांच्यापुढं तळहात कमरेवर पसरून उभी राहिले, आणि तेवढं सगळ्यांना पुरलं. हा बाबा आता बोट मागतोय! तरी टेकवलं बोट. पाठीच्या मधोमध नाही, डावीकडं, परकराच्या नाडीच्या खाली, जिथं खळी पडते तिथं. डॉक्टरांनी मला जरा चालायला लावलं आणि पुन्हा दाखवा म्हणाले. बोट परत तिथंच गेलं.

मग त्यांनी टेबलावर झोपवलं. डावा पाय उजव्या मांडीवर आडवा ठेवून गुडघा खाली दाबला, नंतर मांडी उभी धरून वरून रेटलं. मी अशी ओरडले की बाहेर बाकावर बसलेले आमचे हे दार ढकलून आत आले.

"तुमचं दुखणं मणक्यात नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "हा सॅक्रोइलिअक जॉइंट आहे. इतकी वर्षं सगळे शेजारच्याच घराची कडी वाजवत बसले."

हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, म्हणून तुमच्यासाठी सोपं करून सांगते. पाठीचा कणा खाली जिथं संपत येतो तिथं एक त्रिकोणी हाड असतं. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला कमरेची दोन पसरट हाडं येऊन चिकटतात. त्या चिकटण्याच्या जागी दोन सांधे असतात, ते सॅक्रोइलिअक जॉइंट. हात-पाय हलतात तसे ते हलत नाहीत, अगदी नावाला हलतात. बाळंतपणात ते सैल होतात आणि कुणाकुणाचे पुन्हा आवळतच नाहीत. मग बसताना, उठताना, कूस बदलताना, पायरी उतरताना तो सांधा करकरतो आणि माणूस म्हणतं, कंबर धरली.

मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले. आजार निघाला म्हणून कुणी आनंदानं रडतं का? पण मी रडले. सासरचे, शाळेतले, सगळे मला सोंगाडी म्हणून बसले होते. आता निदान त्या सोंगाला नाव तरी मिळालं होतं.

आता मी कोण, ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी सुजाता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. माहेर कुरुंदवाडजवळच्या एका खेड्यातलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, छप्पन्न साली धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर झालेल्या लेकीचं नाव हौसेनं सुजाता ठेवलं. पण मी जन्मताना एक घोळ करून ठेवला. डोकं आधी बाहेर यायचं, तर माझे पाय आधी आले. अशा माणसाला आमच्याकडं पायाळू म्हणतात, आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की उसण जाते असं लोक मानतात. उसण म्हणजे अचानक भरलेली, लचकलेली पाठ.

मग काय! मी चालायला लागले तशी आमच्या दारात माणसं यायला लागली. सकाळी, तोंड धुवायच्या आधी. अंगणात पालथं पडायचं आणि मी त्यांच्या पाठीवर तीनदा डावा पाय लावायचा. जोरात नाही. नुसता टेकवायचा, वजन द्यायचं नाही. आमच्यातले यायचे, आणि ज्यांच्या घरी आम्हाला पाणी ओंजळीत वरून ओतून मिळायचं तेही यायचे. मोठमोठे फेटेवाले आमच्या अंगणात पालथे पडायचे आणि "लाव गं पोरी" म्हणायचे. बरं वाटलं की निघून जायचे, पण पाणी ओतायची रीत काही बदलायची नाही.

आबांना हे बिलकूल खपत नव्हतं. "आपुन दगडाच्या पाया पडायचं सोडलं, आणि आता गाव माझ्या पोरीच्या पायाखाली झोपतंय. ही कसली अक्कल? उसण चार दिसानं आपली आपण जाती!" ते ओरडायचे. आईचा मात्र हिशेबच वेगळा. ती शेण सारवता सारवता पदराआड हसायची. म्हणायची, "वाटंत आडवं आलो तर शिव्या घालत्यात. आता पालथं पडत्यात तर पडू द्या की! आपल्या पोरीचा पाय हाय." शेवटी आबांनी निकाल दिला, "अंगणात काय करायचं ते करा. माझ्या घरातल्या माणसाच्या पाठीला हिचा पाय लागता कामा नये." आईनं मान हलवली.

आणि तो शब्द तिनं पाळला. जन्मभर दुसऱ्याच्या रानात वाकून भांगलण केलेली बाई. संध्याकाळी भिंतीला पाठ घासत बसायची. अख्ख्या गावानं माझा पाय पाठीला लावून घेतला, पण तिनं कधी घेतला नाही.

माझं स्वतःचं दुखणं नव्वदच्या आसपास सुरू झालं. तेव्हा माझी नेमणूक चंदगड तालुक्यात होती. डोंगरातली शाळा, पावसाळ्यात धो धो पाऊस आणि ओल्या पायऱ्यांची एसटी. गाडीतून उतरताना डावा पाय खाली टेकला की ढुंगणात सुरी घुसावी तशी कळ यायची. बाळंतवात असेल म्हणून शेक घेतला, डिंकाचे लाडू खाल्ले. बदली होऊन कोल्हापुरात आले तरी कळ बरोबर आलीच. शाळेतल्या बैठकीत मी एका कुल्ल्यावर बसायची, आणि मास्तर मंडळी म्हणायची, "बाईंनी अर्धीच खुर्ची मागून घेतलीय."

मी काय काय केलं नाही! पट्टा बांधला. ट्रॅक्शन घेतलं, म्हणजे कमरेला वजनं लावून पलंगावर ताणून ठेवतात. शेवटी एमआरआय काढला. त्यात मणक्यांमधली एक चकती जराशी फुगलेली निघाली. झालं! सगळे त्या चकतीच्या मागं लागले. आता कळतं, या वयात पुष्कळांच्या चकत्या अशा फुगलेल्या असतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

एक गंमत सांगते, हसलात तरी चालेल. मी पायाळू, मग माझ्या पाठीला पाय कुणी लावायचा? नणंदबाईंनी शोध लावला की पायाळूला पायाळूच पाहिजे. मी शिकलेली, आबांची लेक, पण दुखण्यानं माणूस कुठवर ताठ राहणार? गेले. शिरोळकडचा एक पैलवानी गडी होता. त्याला नुसता टेकवायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं. त्यानं अशी लाथ घातली की मला रिक्षात आडवं घालून घरी आणावं लागलं. आबा तोवर वारले होते, नाहीतर दुसरी लाथ त्यांची बसली असती.

आबांच्या मागं आई गावात एकटी राहायची. एक दिवस चुलीपुढं बसल्या जागी कलंडली. लकवा. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं, पण डोकं शाबूत होतं. मी तिला कोल्हापूरला माझ्याकडं आणलं. धाकटा भाऊ मिलिंद इचलकरंजीत कापडाच्या मागावर कामाला, त्याची एक खोली, त्याची बायको शिलाईला जायची. मीच म्हटलं, माझ्याकडं राहू दे.

आईला उचलून बसवायचं, उचलून न्हाणीत न्यायचं, कूस बदलायची. बाई ठेवली, पण आई तिला अंगाला हात लावू द्यायची नाही. "सुजा कुटं हाय?" एवढंच. मी तिच्या बगलेत हात घालून उचलायची आणि सांध्यात कळ अशी उठायची की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मी ओठ चावायची. आईला कळायचं. तिचा चांगला हात माझ्या पाठीवर फिरायचा, आणि त्यानं मला जास्तच रडू यायचं.

असं वर्षभर काढलं. मग एके दिवशी तिला उचलताना माझा पाय लटपटला आणि आम्ही दोघी न्हाणीत पडलो. तिला खरचटलं, मला उठता येईना. दोघी ओल्या फरशीवर शेजारी शेजारी पडून होतो, आणि आई त्या जड जिभेनं म्हणाली, "आता आपल्या दोगींस्नी कोन उचलायचं गं?" आणि हसायला लागली. मीही हसले. हसता हसता ठरवलं की आता काय तो सोक्षमोक्ष लावायचा. मला फक्त आईला उचलता आलं पाहिजे. दुसरं काही नको.

चकतीचं ऑपरेशन जवळपास ठरलंच होतं. शाळेतल्या एका बाईंनी आग्रह धरला, एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. म्हणून मी त्या एका बोटवाल्या डॉक्टरांपुढं गेले.

खात्री करायला त्यांनी आधी एक इंजेक्शन दिलं. सी-आर्म नावाचं मशीन असतं, त्यात आतली हाडं पडद्यावर जागच्या जागी दिसतात. ते बघत बघत सुई थेट सांध्यात घालतात आणि भूल देणारं औषध सोडतात. त्या औषधानं दुखणं थांबलं तर चोर तोच सांधा. डॉक्टर म्हणाले, "हे दोन-तीन तास टिकेल. तेवढ्यात जे केल्यानं एरवी दुखतं ते सगळं करून बघा. उद्या येऊन सांगा."

टेबलावरून उतरले, डावा पाय जमिनीला लावला. काहीच नाही. मी परत लावला. काही नाही! दवाखान्याचा जिना चढले, उतरले, परत चढले. नर्स म्हणाली, "मावशी, पुरे की आता." यांना म्हटलं, गाडी काढा, लौकर घरी चला. माझ्याकडं वेळ नाही.

घरी जाऊन मी आईला आंघोळ घातली. गरम पाणी, शिकेकाई, सगळं. तिला उचललं तर ती हलकी लागली. इतकी हलकी की मला धक्काच बसला. दुखण्याच्या नादात ती किती वाळलीय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तिचे केस धुतले, पाठ चोळली. त्या पाठीचा एकेक मणका वर आलेला. आई म्हणाली, "आज तुजा हात थरथरत न्हाय." मी म्हटलं, "व्हय आई, आज दुखत न्हाय." तिनं डोळे मिटले आणि मला म्हणाली, "मग जरा येळ घाल की." मी पाणी संपेस्तोवर तिच्या अंगावर तांब्या ओतत राहिले.

दिवेलागणीला कळ परत आली. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिले आणि मोठ्यानं रडले. एकदा बरं वाटून परत दुखायला लागतं ना, ते पहिल्यापेक्षा वाईट.

निदान पक्कं झालं. डॉक्टरांनी ऑपरेशन समजावलं. जॉइंट फ्यूजन, म्हणजे सैल सांधा कायमचा जखडून टाकायचा. मिनिमली इन्व्हेजिव्ह, म्हणजे पाठ उघडायची नाही. कुल्ल्याच्या बाजूला बोटभर छेद घ्यायचे, सी-आर्मवर बघत पोकळ स्क्रू एका हाडातून दुसऱ्यात बसवायचे, हाडाचा थोडा चुरा भरायचा. मग महिन्यांमागून महिने तिथं हाड धरत जातं. ते सरळ बोलले, "अपघातात कंबर मोडलेल्यांना असे स्क्रू मी नेहमी घालतो. नुसत्या दुखण्यासाठी फार थोड्यांना घातलेत. बरं वाटेल असं वाटतं. गॅरंटी देत नाही." मला तो माणूस आवडला. गॅरंटी देणारे मी बरेच पाहिले होते.

मी एकच विचारलं, "माणूस उचलता येईल का?"

"सहा महिन्यांनी. त्याआधी पाण्याची बादलीसुद्धा नाही."

मिलिंद आईला न्यायला आला. खाटेवरून उचलताना आईनं माझं मनगट धरलं. "बरी हो, आन् तूच न्यायला ये. दुसऱ्या कुनाला धाडू नगंस." मी म्हटलं, "मीच येते आई. उचलून नेते तुला." गाडीच्या मागच्या काचेतून तिचं नीट विंचरलेलं डोकं तेवढं दिसत होतं.

ऑपरेशनचं विशेष सांगण्यासारखं नाही. पालथं झोपवलं, भूल दिली, जाग आली तेव्हा कुल्ल्यावर तीन चिकटपट्ट्या. एवढ्यासाठी घाबरले होते का मी? पण तुम्हाला खरं सांगते, छेद लहान म्हणजे दुखणं लहान असं समजू नका. पहिले दिवस खोल आत ठणकत होतं, कूस बदलायची म्हटलं की यांना हाका. दुसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली. म्हणाली, "टो-टच. डावा पाय जमिनीला फक्त लावायचा, भार सगळा हातांवर आणि उजव्या पायावर. खाली अंडं ठेवलंय असं समजा. लोकांना हे जमतच नाही, काकी. पाय टेकला की वजन जातंच." मी उठले आणि पाय लावला. ती बघतच राहिली. "तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "गावानं." तिला काही कळलं नाही.

घरी येऊन पडून होते. रोज मिलिंदचा फोन. आधी "बरी हाय." मग "जेवन कमी केलंय." मग "कफ झालाय, ताप हाय." मग एके दिवशी "येऊन बघून जा." डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "गाडीत मागं आडव्या पडून जा. वॉकर सोडायचा नाही. आणि बाई, आईंना उचलायचं नाही. स्क्रू ढिले झाले तर सगळं मुसळ केरात."

इचलकरंजीला मिलिंदची खोली मागांच्या शेडच्या माडीवर. जिना मी बसून, एकेक पायरी मागं सरकत चढले. खाली मागांचा खडखडाट असा की कानात बोलावं लागायचं. आईला खाली गादी घातलेली, कारण एकदा ती खाटेवरून पडली होती. ती म्हणजे नुसती चादरीची घडी राहिली होती. भावजय तिची कूस बदलत होती. जीव लावून करत होती हो ती, पण हात नेमका कुठं घालायचा हे तिला ठाऊक नव्हतं. आई कण्हली. मी वॉकर धरून उभी. एवढा खटाटोप ज्यासाठी केला तेच करायचं नव्हतं. मला आतून फाटल्यासारखं झालं. कमरेत स्क्रू नसते तर मी तिला उचललं असतं, दुखलं असतं तरी. उगाच केलं हे ऑपरेशन, असं त्या वेळी वाटलं. ते खोटं नाही.

भावजयीनं तिला भिंतीकडं तोंड करून कुशीवर निजवलं. आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस होते ते. खालचे माग एकदम थांबले. घरभर शांत झालं आणि त्या शांततेत आईचा आवाज आला.

"सुजा आलीया?"

"आले आई. हितंच हाय."

"न्यायाला आलीस व्हय?"

मी वॉकर दोन पावलं पुढं सरकवला. त्याचा आवाज तिला ऐकू गेला. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पाट लई दुकती गं. पाय लाव की जरा."

मी मिलिंदकडं बघितलं. तो खाली बघत होता. आईनं मान वळवायचा प्रयत्न केला. तिचं अर्धं तोंड हसत होतं. "तुज्या आबाला सांगू नगंस म्हंजे झालं."

मी सगळा भार हातांवर घेतला. डावा पाय उचलला, स्क्रूच्या बाजूचा, आणि आईच्या पाठीवर लावला. तीनदा. नुसता लावला, वजन न देता. तळव्याला तिचे मणके लागत होते, आणि तापाची ऊब. त्या आठवड्यांत त्या पायाला परवानगी होती ती एवढ्याचीच.

"बरं वाटलं," ती म्हणाली. बरं कशाचं वाटणार? पायानं काही जात नाही, हे आबा म्हणत होते ते खरं, मी वर्गात पोरांनाही तेच शिकवते. पण ती बरं वाटलं म्हणाली आणि झोपली. लाइट आली, माग सुरू झाले, तरी झोपूनच होती.

त्याच आठवड्यात आई गेली. मला खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. सगळ्यांनी मिळून तिला उचललं, मी सोडून. त्रिशरण-पंचशील म्हणताना शेजारच्या बाई माझ्या वाट्याचं म्हणाल्या.

पुढचं लौकर सांगते. मी बरी झाले. दर महिन्याच्या एक्स-रेत हाड थोडं थोडं धरत गेलं. वॉकर सुटला, काठी आली, काठीही सुटली. थंडीत अजून ठुसठुसतं आणि मांडी घालून फार वेळ बसवत नाही. पण एसटीची पायरी मी उतरते, आणि बैठकीत अख्ख्या खुर्चीवर बसते.

तुमच्यापैकी कुणाचं असं दुखत असेल, तर माझं ऐका. डॉक्टरपुढं तळहात पसरू नका, बोट ठेवा. फोटोत काही निघालं म्हणजे दुखणं तेच असेल असं नाही, हे विचारायची लाज बाळगू नका. सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असंही नाही, पुष्कळांचं व्यायामानं भागतं. लाथा खाऊ नका. आणि घरात कुणी म्हातारं अंथरुणाला असेल, तर त्यांना उचलणारे हात आधीपासून दोन-तीन करून ठेवा, एकाच कमरेवर टाकू नका. आमच्या आईनं ऐकलं नाही, आणि खरं सांगू, मलाही ती दुसऱ्या कुणाच्या हातांत द्यायची नव्हती.

त्या डॉक्टरांची मी आजन्म ऋणी आहे. इतक्या वर्षांत दुखतंय कुठं हे नीट विचारणारे ते पहिले. त्यांनी काहीच चुकवलं नाही. वेळ चुकली, ती कुणाच्या हातात नसते.

सहा महिने झाल्यावर शेवटची तपासणी होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि खूश झाले. "आता डाव्या पायावर उभ्या राहा. एकट्या डाव्यावर. सगळं वजन द्या."

मी उजवा पाय उचलला. उभी राहिले. सगळं अंग त्या एका पायावर आलं, आणि तो हलला नाही. तळव्याखाली दवाखान्याची गार फरशी होती.

"वा! बघा, आता माणूसही उचलता येईल तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. आईचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माझे डोळे वाहायला लागले तसे ते घाबरून पुढं आले.

"काय झालं, बाई? दुखतंय का?"

"न्हाय डॉक्टर," मी म्हटलं. "कुटंच दुखत न्हाय."